मुलींच्या शिक्षणातला ‘मोफत’: पार्श्वभूमी

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर महाराष्ट्रात ‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’ हे शब्द फलकांवर आणि भाषणांत रूढ झाले. त्या निर्णयाने प्रत्यक्षात माफ झाल्या त्या दोन बाबी, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. मोफत या शब्दाची राज्यात चाळीसेक वर्षे जी ओढाताण चालली आहे, तिचे मूळ याच फरकात आहे.

भिडेवाडा १८४८, हुजूरपागा १८८४, महिला विद्यापीठ १९१६ हे टप्पे शाळेतच पाठ होतात, ते इथे उगाळत नाही. एक गोष्ट मात्र नोंदवण्याजोगी आहे. १८८० च्या दशकात पुण्यात मुलींच्या हायस्कूलवरून जो वाद पेटला, तो मुलींनी शिकावे की नाही एवढ्यापुरता नव्हता. शाळा ११ ते ५ भरली तर घरकाम कधी शिकणार, तीन तासांची शाळा पुरे नाही का, असेही छापून आले होते. मुलीच्या वेळेवर पहिला हक्क घराचा, हे तेव्हा उघड बोलले जाई. आता बोलले जात नाही, इतकेच.

१९८० च्या दशकात राज्याने मुलींचे शिक्षण टप्प्याटप्प्याने बारावीपर्यंत मोफत केले. त्याला उत्पन्नाची अट नव्हती, जातीचीही नव्हती, आणि त्या काळाच्या मानाने निर्णय धाडसी होता. पण माफी शिक्षण शुल्काची, तीही मान्य दराने. अनुदानित शाळेत ही रक्कम मुळातच किरकोळ. गॅदरिंग, संगणक, प्रयोगशाळा, सराव परीक्षा या नावांनी घेतले जाणारे पैसे चालूच राहिले. अकरावीला तर विज्ञानाची विनाअनुदानित तुकडी असली की मोफत हा शब्दच दाराबाहेर राही.

पुढच्या दशकात फी सोडून हातात पैसे देण्याचा प्रयोग झाला. १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये उपस्थिती भत्ता मिळू लागला. १९९६ पासून मागासवर्गीय मुलींना पाचवी ते सातवीसाठी महिना ६० रुपये आणि पुढे आठवी ते दहावीसाठी महिना १०० रुपये शिष्यवृत्ती आली, दहा महिन्यांची. १९९२ चा तो रुपया तीस वर्षांनीही रुपयाच होता. बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई हा हेतू असेल, तर तो पहिल्या पाच-सात वर्षांतच महागाईने गिळला. पुढे असे लाभ बँक खात्यात जाऊ लागले तेव्हा नवीच पंचाईत झाली. गणवेशाच्या ४०० रुपयांसाठी ५०० भरून खाते उघडा, असा तो हिशेब होता.

या सगळ्या काळात ज्या उपायाचा गवगवा सर्वांत कमी झाला तो म्हणजे एसटी. शिक्षण हक्क कायदा एक किलोमीटरवर प्राथमिक आणि तीन किलोमीटरवर उच्च प्राथमिक शाळेची हमी देतो, पण ती चौदा वर्षांपर्यंतच. नववीपासून अंतर हा घरचा प्रश्न होतो, आणि गळती तिथेच दिसते. मानव विकास कार्यक्रमात २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी निळ्या बस धावू लागल्या. पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळाले. बिघाड होतो तो वेळापत्रकात. बसची वेळ शाळेच्या नेहमीच्या वेळेवर बेतलेली असते. विज्ञान शाखेचे प्रात्यक्षिक लांबले किंवा सकाळी सातचा जादा तास लागला की बस आणि वर्ग यांतले एक सोडावे लागते. मुलगी वर्ग सोडते, कारण शेवटची गाडी चुकली तर दुसऱ्या दिवसापासून घराबाहेर पाठवायचे की नाही, यावरच चर्चा सुरू होते.

आता २०२४ च्या निर्णयाकडे. आधी आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत निम्मी फी मिळे. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींसाठी ती शंभर टक्के झाली. नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना आणि आधीपासून शिकणाऱ्यांनाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींचे नाव त्यात का नाही, हा प्रश्न तेव्हा बराच फिरला. त्यांना आणि भटक्या-विमुक्तांना पूर्ण फीची तरतूद आधीच्या योजनांत होती, म्हणून.

गुंता ‘फी’ या शब्दाचा आहे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाची फी शुल्क नियामक ठरवतो, तिचे दोन भाग असतात: शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. समजा एकूण फी १,००,००० रुपये, त्यात शिक्षण शुल्क ९०,००० आणि विकास शुल्क १०,०००. पूर्वी सरकार ४५,००० देई आणि घरचे ५५,००० भरत. आता सरकार ९०,००० देते, विकास शुल्काचे १०,००० घरच्यांवरच. वसतिगृह, मेस, अनामत आणि बस वेगळे. ५५ वरून १० वर येणे ही मोठी सवलत आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण फलकावरचा ‘मोफत’ वाचून आलेला पालक काउंटरवर दहा हजारांची पावती पाहतो आणि कॉलेज लुबाडते आहे असे समजतो. कॉलेजने सगळीच फी आगाऊ मागितली तर ती खरोखरच लुबाडणूक असते. म्हणून पावतीवर बाबवार रकमा मागून घ्याव्यात.

दुसरी मेख प्रवेशाच्या मार्गात आहे. लाभ केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून आलेल्या मुलीलाच. व्यवस्थापन कोटा किंवा संस्था पातळीवरचा प्रवेश चालत नाही, अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही बाहेर. मुलगी कॅपमधले दूरचे कॉलेज नाकारून घराजवळ संस्था पातळीवर जागा घेते, तिथे हमखास फसते. बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम २०२४ मध्ये सीईटीखाली आले, तेव्हा अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून सीईटीतून अंग काढून घेतले. विषय तेच, वर्ग तोच, पण नाव बदलल्याबरोबर कॅप गेली, आणि कॅप गेली की लाभही गेला.

तिसरी गोष्ट दाखल्यांची. नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे मागासवर्गातल्या प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला, ठरवताना पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यात दोन्ही धरतात. त्यामुळे नॉन-क्रीमीलेअर हातात असूनही मुलगी आठ लाखांच्या अटीत बाद होऊ शकते. सेतूवरच्या रांगेत हे कुणी समजावून सांगत नाही.

उरला पैसा. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर, अर्ज भरला की तो कॉलेजच्या लिपिकाकडून प्राचार्यांकडे आणि तिथून विभागाकडे जातो. रक्कम हप्त्यांनी, आधारशी जोडलेल्या खात्यात येते. आधार शेवटचे ज्या बँकेशी जोडले गेले, पैसे तिथे जातात. अर्जात लिहिलेल्या खात्याशी त्याचा संबंध नसतो. सहावीत शिष्यवृत्तीसाठी उघडलेले आणि आता निष्क्रिय पडलेले खातेच जोडलेले असेल, तर हप्ता अडकतो. अर्जाआधी बँकेत जाऊन आधार कुठे जोडले आहे ते बघणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

योजनांच्या नावांकडेही बघण्यासारखे आहे. सुकन्या २०१४, माझी कन्या भाग्यश्री २०१६, लेक लाडकी २०२३, लाडकी बहीण २०२४. नावात मुलगी नेहमी कुणाची तरी कन्या, लेक, बहीण असते. विद्यार्थिनी हा शब्द नावापर्यंत पोहोचत नाही. हा केवळ भाषेचा प्रश्न असता तर सोडून दिला असता, पण अटीही नात्यावरच बेतल्या आहेत. माझी कन्या भाग्यश्रीत लाभ मिळायचा तो एक किंवा दोन मुलींनंतर आईवडिलांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केल्यावर. लेक लाडकीत पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबात जन्मावेळी ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,००० असे १,०१,००० रुपये मिळतात. शेवटच्या हप्त्याला मुलगी अविवाहित असावी लागते. बालविवाह रोखायला ही अट उपयोगी आहे, हे मान्य. तरी तिने अभियांत्रिकीला प्रवेश घेतला की घरी बसली, हे त्या ७५ हजारांना कळत नाही.

लेक लाडकी अठराव्या वर्षी संपते, लाडकी बहीण एकविसाव्या वर्षी सुरू होते. मधली तीन वर्षे नेमकी पदवीची, आणि तिथे खोलीभाडे व मेस उभी असते. लेक लाडकी लागू आहे ती १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींना. त्यांतली पहिली ७५ हजारांसाठी पात्र होईल ती एप्रिल २०४१ मध्ये.