‘कार्ड चालतं का?’ : प्रेशर आणि किडनीच्या रुग्णांसाठी

आमच्या लॅबच्या खिडकीवर रिपोर्ट हातात पडला की लोक क्रिएटिनीनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा नंतर बघतात, आधी विचारतात, ‘आता कार्ड (सरकारी आरोग्य योजनेचं) कुठे चालेल?’ रोज तेच तोंडी सांगण्यापेक्षा हे पत्रक छापलं. (आमच्या लॅबमध्ये कार्ड चालत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.)

घोटाळा ‘चालतं’ या शब्दातच आहे. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत या दोन्ही मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. ओपीडीत प्रेशर तपासलं, गोळ्या लिहून दिल्या, तर त्याचे पैसे खिशातूनच जातात. वाळपईकडच्या एक आजी योजनेचा बोर्ड बघून एका खाजगी ठिकाणी शिरल्या आणि तपासणीची फी ऐकून गोंधळल्या. बोर्ड खरा होता, पण तो डायलिसिसपुरता.

म्हणून इस्पितळात फोन करताना नेमकं विचारा. नेफ्रोलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) कोणत्या वारी येतात? त्यांची फी किती? डायलिसिस कार्डावर होतं का? फिस्टुलाचं (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडण्याचं) ऑपरेशन? आणि कार्डाची मुदत संपली नाही ना, हे घरीच बघून घ्या.

दीनदयाळसाठी गोव्यात किमान 5 वर्षांचं वास्तव्य लागतं. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला 2.5 लाख, चौघे किंवा जास्त असल्यास 4 लाखांपर्यंत संरक्षण. आयुष्मानचं 5 लाखांचं. घरात 70 वर्षांचं किंवा त्याहून मोठं माणूस असेल तर 2024 पासून उत्पन्न न बघता त्यांचं कार्ड निघतं, चौकशीला 14555.

ईएसआयचा (कामगारांच्या सरकारी विम्याचा) मात्र बहुतेकांना विसर पडतो. मुलगा कुंडईला किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असेल आणि त्याचे ईएसआयचे पैसे कापले जात असतील, तर त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात येऊ शकतात. शिवाय तिथे ओपीडी आणि औषधंही मिळतात. पगाराची स्लिप एकदा बघाच.

नुसतं प्रेशर असेल तर किडनीच्या डॉक्टरांमागे धावू नका, जवळचं सरकारी आरोग्य केंद्र पुरतं. ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा रिपोर्टमधला आकडा) 60 च्या खाली असेल किंवा लघवीत अल्ब्युमिन (एक प्रथिन) जात असेल, तर तिथूनच चिठ्ठी घेऊन बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) नेफ्रोलॉजी विभागात जा. रांग लांब असते, पण आमच्या मते सुरुवात तिथूनच करावी. डायलिसिसची वेळ आलीच तर म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात आणि फोंड्यालाही सोय आहे. रोज बांबोळीची बस पकडायला नको.

जाताना फक्त ताजा रिपोर्ट नेऊ नका. बिघाड तीन महिने टिकला की नाही हे डॉक्टरांना बघायचं असतं, त्यामुळे जुने कागद जास्त उपयोगी. गोळ्यांची पिशवीही न्या. स्ट्रिप कापून आणली की बरेचदा नाव दुकानातच राहतं आणि पिशवीत उरतात पांढऱ्या गोळ्या. त्यातली गुडघेदुखीसाठी चालू असलेली डायक्लोफिनॅक (वेदनाशामक गोळी) कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही. अशी गोळी किडनीला त्रास देऊ शकते, म्हणून किडनीच्या डॉक्टरांना नेमकं तेच कळायला हवं असतं.

अल्ब्युमिनच्या तपासणीला सकाळची पहिली लघवी लागते. डबी आदल्या दिवशी खिडकीवर मागून घ्या, पैसे नाहीत. झाकण दोनदा फिरवा, साखळी गावाच्या वळणांवर बसमध्ये सांडते.