मल्चिंगच्या कागदाचा पुन्हा तसाच कागद का होत नाही

"प्लॅस्टिक म्हणजे सोनं, कितीदाही वितळवा, माल तोच!" रावेर-यावलकडे भंगाराचा भाव ठरवताना हे हमखास कानावर पडतं. ते खरं नाही. शेतात वाफ्यावर अंथरायचा मल्चिंगचा कागद, म्हणजे पॉलिथिन या प्लॅस्टिकची पातळ फिल्म, हेच बघा.

प्लॅस्टिक लांबलचक रेणूसाखळ्यांचं बनलेलं असतं. मशीनमधली उष्णता आणि स्क्रूचा रगडा यांनी पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्रकारच्या प्लॅस्टिकच्या साखळ्या तुटतात. माल पातळ वाहतो, वस्तू ठिसूळ होते. पॉलिथिनमध्ये उलटंही घडतं: साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि न वितळणाऱ्या बारीक गाठी तयार होतात. जाड नळीत अशी गाठ खपून जाते. २५ मायक्रॉनच्या मल्चिंग कागदात मात्र ती आली, की कागद नेमका तिथूनच फाटतो.

त्यात हा कागद उन्हाने आधीच खाल्लेला, वर मातीने माखलेला. नीट धुऊन वाळवला नाही तर ओलाव्याची वाफ होते आणि फिल्मला फुगे येतात. खताची विणलेली गोणी त्यातच टाकली तर आणखी घोळ, कारण ती पॉलिप्रॉपिलीनची आणि पॉलिथिनशी एकजीव होत नाही. वेफर्सच्या चकचकीत पुडीत तर वेगवेगळे थर चिकटवलेले. ते सुटे करणं परवडतच नाही.

म्हणून सगळं फुकट, असंही नाही. जळगावच्या प्लॅस्टिकच्या चटईत पुनर्वापराचा दाणा, म्हणजे जुनं प्लॅस्टिक वितळवून केलेले बारीक तुकडे, वर्षानुवर्षं चालतो. ठिबकच्या जुन्या नळ्या वेगळ्या, स्वच्छ ठेवल्या तर त्यांचा दाणा बराच चांगला निघतो. ताकद हवी असेल तिथे त्यात नवा दाणा आणि स्टॅबिलायझर, म्हणजे साखळ्यांना उष्णता-उन्हापासून जपणारं रसायन, मिसळावं लागतं.