टाहो फोडायची वेळ येऊ नये म्हणून
(मार्चमध्ये लेक टाहोच्या आमच्या केबिनला येणाऱ्या पाहुण्यांसाठी)

बुकिंग झालं की सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून ठरलेला फोन येतो: "आमची गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, मग बर्फासाठी टायरला चेन कशाला?" दर हिवाळ्यात तेच उत्तर देतोय, म्हणून हे पत्रक. स्कीइंगचं नंतर बोलू.

येतानाच्या आय-80 महामार्गावरचा डॉनर समिट (घाटमाथा) 7,239 फुटांवर आहे. बर्फ पडायला लागला की कॅलट्रान्सच्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या रस्तेखात्याच्या, पाट्या लागतात; चेनच्या सक्तीच्या तीन पायऱ्या. आर-1 असेल तर स्नो टायरवाल्या हलक्या गाड्या चेन न लावता सोडतात. आर-2 ला सूट फक्त चारही स्नो टायर असलेल्या फोर-व्हील किंवा ऑल-व्हील गाड्यांना. आर-3 ला सगळ्यांनाच चेन, पण तोवर रस्ता बहुधा बंदच झालेला असतो. म्हणजे तुमची गाडी सुटते, मान्य. पण सुटलेल्या गाडीतही चेन बाळगावी लागते, आणि नियमातली नेमकी हीच ओळ कोणी वाचत नाही. टायर स्नोचा आहे का, ते स्वतः वाकून बघा: कडेला 'एम+एस' किंवा डोंगर-हिमकणाचं चिन्ह असतं.

यापेक्षा मोठा घोळ वेगळाच. चेन असते, पण खोकं उघडलेलं नसतं.

मागच्या फेब्रुवारीत रात्री पावणेदहाला आय-80 वरच्या किंगवेलच्या अलीकडून फोन आला. "चेन बसतच नाहीये." फोटो मागवला. गाडीचा टायर 235 चा, खोक्यावर 205. मागच्या सीटवर दोन मुलं, थेपल्यांचा डबा कधीच संपलेला. रस्त्याकडेला पैसे घेऊन चेन चढवून देणारे परवानाधारक असतात, पण चेन विकायची किंवा भाड्याने द्यायची त्यांना परवानगी नसते. शेवटी ती मंडळी उलटी फिरून ऑबर्नला मुक्कामाला गेली. इथे केबिनमध्ये हीटर रात्रभर रिकाम्या घरासाठी चालू.

तेव्हा निघायच्या आठवड्यात चेन घरच्या गॅरेजमध्ये एकदा चढवून बघाच. फ्रंट-व्हील गाडीला पुढच्या चाकांना. ऑल-व्हीलचं मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. काही गाड्यांत चाकाच्या आत जागा कमी असते, तिथे केबलवाल्याच चालतात. जुनी सतरंजी, रबरी हातमोजे आणि हेडलॅम्प चेनसोबत ठेवा, आणि हे सगळं बॅगांच्या वर. खाली ठेवलंत तर बर्फात अख्खी डिकी रिकामी करावी लागते. चेन लावल्यावर वेग ताशी 25-30 मैलच. गाडी भाड्याची असेल तर करार वाचा, बऱ्याच कंपन्या चेन लावू देत नाहीत.

आम्ही बुकिंगला टायरचा फोटो मागतो, त्यावर काही जण वैतागतात. "हॉटेलवाले नाही मागत!" खरंय. हॉटेलवाल्यांना मध्यरात्री तुमचा फोन घ्यायचा नसतो. फोटो पाठवलात तर त्याच मापाची चेन फ्रीमाँटमध्ये तयार ठेवतो; न वापरता परत आणली तर अर्धं भाडं परत.

रस्ताच बंद झाला तर तारीख बदलून देतो, पैसे न घेता. 2024 मध्ये 1 मार्चच्या शुक्रवारी आय-80 बंद झाला, तेव्हा त्या शनिवार-रविवारच्या सगळ्यांना दिली. चेन नाही म्हणून अडकलात तर मात्र नाही. कडक वाटेल, पण केबिन चारच आहेत.

यायचं ते 80 ने ट्रकीपर्यंत, तिथून हायवे 89 ने खाली. हायवे 50 ने येऊन तळ्याला वळसा घालू नका. एमराल्ड बेजवळ हिमकडे कोसळायच्या भीतीने रस्ता बंद करतात.

बर्फाचं म्हणाल तर मार्चमध्ये तो रात्री गोठतो, सकाळी फरशीसारखा टणक, दुपारनंतर लापशी. नवशिक्यांनी स्कीइंगचा दहानंतरचा क्लास घ्यावा. 1960 चं हिवाळी ऑलिंपिक जिथे झालं ते पॅलिसेड्स स्की रिसॉर्ट वाटेतच लागतं. कंटाळा आला तर दारातून तळं बघत बसा. ते गोठत नाही, 1,645 फूट खोल आहे.

चेक-इन चारनंतर. कुकर, मिसळणाचा डबा, पोळपाट-लाटणं केबिनमध्ये आहे, डाळ-तांदूळ तेवढे आणा. खरकटं बाहेर ठेवू नका. मार्चमध्ये अस्वलं जागी व्हायला लागतात. कचरा लोखंडी पेटीत टाका आणि कडी नीट लागली का, ओढून बघा.