हिमालय, २०३५ आणि एक परिच्छेद

हवामान बदलावर वाद रंगला की शंकेखोर मंडळी हमखास २०३५ चा, म्हणजे तोवर हिमालयातल्या हिमनद्या संपतील या फसलेल्या भाकिताचा, दाखला देतात. त्यांना सगळंच थोतांड वाटतं. दुसरी बाजू विषय झटकते. मुळात काय घडलं, हे दोघांपैकी फारसं कुणी सांगत नाही.

तापमानवाढीबद्दल शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांची १९८८ मधली अमेरिकी सिनेटसमोरची साक्ष, त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली स्थापन झालेली हवामान बदलावरची तज्ज्ञ समिती (आयपीसीसी), पुढे उत्सर्जन कमी करण्याचा क्योटो करार, हे सारं ठाऊक असेलच. घसरण झाली ती समितीच्या २००७ च्या चौथ्या अहवालात. त्याच वर्षी तिला शांततेचं नोबेल विभागून मिळालं होतं, त्यामुळे तिचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य.

अहवालाचा दुसरा खंड ९३८ पानांचा. त्यातल्या आशियावरच्या प्रकरणात म्हटलं होतं की हाच वेग राहिला तर हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत, कदाचित त्याआधीच, नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे. पुढचंच वाक्य : त्यांचं क्षेत्रफळ २०३५ पर्यंत ५ लाखांवरून १ लाख चौरस किलोमीटरवर येईल. म्हणजे नाहीशा होऊनही लाखभर उरणारच! त्याच भागात हे क्षेत्र सुमारे ३० लाख हेक्टर, अर्थात ३० हजार चौरस किलोमीटर, असंही छापलं होतं. सोबतच्या तक्त्यात मराठी ट्रेकर मंडळींच्या ओळखीची पिंडारी हिमनदी १८४५ ते १९६६ या काळात २,८४० मीटर मागे सरकल्याची नोंद होती, आणि वेग दिला होता वर्षाला १३५.२ मीटर. भागाकार करून पाहा, जेमतेम साडेतेवीस येतात.

आधार म्हणून एका पर्यावरण संस्थेच्या २००५ च्या अहवालाचं नाव होतं. तो विसंबला होता १९९९ मधल्या एका विज्ञान साप्ताहिकातल्या बातमीवर. क्षेत्रफळाचे आकडे मात्र १९९६ च्या आणखी एका अहवालाशी जुळतात. तिथे साल होतं २३५०, आणि विषय ध्रुवप्रदेश वगळता साऱ्या जगातल्या हिमनद्यांचा. भौतिक विज्ञानाच्या पहिल्या खंडात हा दावा नव्हताच.

इथवरचं सगळं एका शुद्धिपत्राने निस्तरलं असतं. पण नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एका निवृत्त भूवैज्ञानिकाची चर्चा-पुस्तिका प्रसिद्ध केली. हिमनद्या मागे हटताहेत, पण त्यात अघटित काही नाही, तापमानवाढीशी संबंध जोडण्याइतका पुरावा नाही, असा तिचा सूर. पुस्तिकाही काही निर्दोष नव्हती. इतर तज्ज्ञांकडून ती रीतसर तपासून घेतलेली नव्हती. तरी समितीच्या अध्यक्षांनी, तेही भारतीयच, मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देण्याऐवजी ‘वूडू सायन्स’, म्हणजे जादूटोण्याचं विज्ञान, म्हणून तिची बोळवण केली. कोपनहेगनची जागतिक हवामान परिषद महिन्यावर आलेली. त्यात भर म्हणजे त्याच नोव्हेंबरात एका ब्रिटिश विद्यापीठातून हवामान शास्त्रज्ञांचे ई-मेल चोरून फोडले गेले. पुढे चौकशांमध्ये वैज्ञानिक लबाडीचा आरोप टिकला नाही, माहिती देण्यातल्या टाळाटाळीवर मात्र ताशेरे ओढले गेले. पण ते निष्कर्ष कोण वाचतो?

२० जानेवारी २०१० रोजी समितीने २०३५ च्या त्या परिच्छेदाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. मधल्या दोन-अडीच महिन्यांच्या हटवादीपणाने, माझ्या मते, चुकलेल्या सालापेक्षा जास्त नुकसान केलं. ऑगस्टमध्ये विज्ञान अकादमींच्या पाहणीने समितीचं कामकाज सुधारण्याच्या शिफारशी केल्या. त्यांना बातम्यांत मूळ चुकीच्या मानाने चिमूटभर जागा मिळाली.

नंतरचे आकडे शांतपणे मांडलेले आहेत, आणि म्हणूनच बहुधा गाजले नाहीत. काठमांडूतून २०१९ मध्ये आलेल्या हिंदुकुश-हिमालयाच्या अहवालानुसार तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या शतकाअखेर तिथला एक-तृतीयांश बर्फ जाणार; उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर दोन-तृतीयांश. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधला दक्षिण ल्होनाक हा हिमतलाव फुटला आणि तिस्तेवरच्या १,२०० मेगावॉट प्रकल्पाचं धरण वाहून गेलं. त्या तलावाचा धोका अभ्यासांमध्ये बरीच वर्षं आधी नोंदलेला होता. पूर्वसूचनेची यंत्रणा तेव्हा कुठे बसवायला सुरुवात झाली होती.