फसलेली पुंगळी आणि तुटलेली पुंगळी

"भाऊ, पुंगळी फसली ना जी."

हरभरा घाट्यावर आला की आमच्या आर्वी तालुक्यात हे वाक्य माझ्या कानावर येतंच. पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच. रानडुकरं आणि रोही हाकलायला रात्री जागलीला जाणाऱ्यांत दोन-चार जणांकडे पीकरक्षणाच्या परवान्याची रायफल आहे, आणि मी फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्याचं हत्यार दुरुस्त करायला वेगळा परवाना लागतो. तो माझ्याकडे नाही. म्हणून मी बघतो, सांगतो आणि नागपूरच्या परवानाधारक कारागिराकडे धाडतो. पण बघण्याआधी माझा एक प्रश्न ठरलेला असतो: बाहेर काय पडलं ते दाखव.

कारण 'फसली' हा एकच शब्द दोन निराळ्या बिघाडांना लावला जातो. एकात बार झाल्यावर अख्खी पुंगळी चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेला, धरून बसते. दुसऱ्यात पुंगळी आडवी तुटते, बूड बाहेर येतं आणि पुढचा पोकळ भाग आतच राहतो. एकावरचा उपाय दुसऱ्याला चालत नाही, आणि कारणं तर अगदीच वेगळी.

गेल्या हिवाळ्यात शेजारचा एक गडी सकाळी सहालाच .315 रायफल घेऊन दारात उभा. मॅगझिन आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून पिशवीत टाकले होते, तेवढी अक्कल त्याने वापरली होती. म्हणाला, "बांधाच्या मातीत एक बार काढला, बोल्ट मस्त उघडला, पण दुसरं काडतूस अर्ध्यावरच अडते." मी बाहेर काय पडलं ते विचारलं. त्याने रुमालाची गाठ सोडली. आत पितळेची एक टोपणासारखी चकती होती, जेमतेम सेंटीमीटरभर उंच. तळाला, बारूद पेटवणाऱ्या टोपीवर, पिनचा खड्डा, वरची कड करवतीने कापल्यासारखी, आणि त्या कडेवर एका बाजूला काळा धूर. हा गडी तिला रात्रभर पुंगळीच समजत होता. अंधारात टॉर्चच्या उजेडात काहीतरी पिवळं उडालं, एवढंच त्याने पाहिलं.

ही तुटलेली. हिची खूण हीच की बोल्ट सहज उघडतो, काहीतरी उडतंही, आणि भांडण सुरू होतं ते पुढच्या काडतुसाशी.

फसलेलीत उलटं होतं. बोल्टची मूठ वर उचलतानाच जोर लागतो, किंवा मूठ उचलली जाते पण बोल्ट मागे येत नाही. कधी बोल्ट मोकळाच मागे येतो, कारण एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे पुंगळी ओढून काढणारा, आकडा पुंगळीच्या कडेवरून घसरलेला असतो किंवा त्याने कडेचा लचकाच तोडलेला असतो. मागून चेंबरात उजेड टाकला की पुंगळीचं बूड समोर दिसतं. तुटलेलीत तिथे भोक दिसतं आणि आतल्या भिंतीला पितळेची बांगडी चिकटलेली असते. घाईत पाहिलं तर ती चेंबरची भिंतच वाटते, आणि घोटाळा होतो तो तिथेच.

फसते का, हे समजायला पितळ काय करतं ते बघावं लागतं. बार झाला की दाबाने पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट टेकते. ती टेकते म्हणूनच गॅस मागे, आपल्या डोळ्यांकडे येत नाही. दाब उतरला की पितळ किंचित आकसतं आणि भिंत सोडतं. हे आकसणं केसाच्या जाडीपेक्षाही कमी असतं, पण सगळी मदार त्यावरच आहे. चेंबर गंजून खडबडीत झालं असेल तर फुगलेलं पितळ त्या खड्ड्यांत शिरतं आणि आकसूनही सुटत नाही. दाब वाजवीपेक्षा जास्त झाला तर पितळ परत येण्याच्या पलीकडे ताणलं जातं. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो. तेव्हा टिनाखाली किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत दिवसभर तापलेलं काडतूस वापरलं तर दाब वाढतोच. काळ्या मातीची धूळ आणि तेल यांचा चिखल चेंबरात साचला तरी तेच.

गंजाची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण आमच्याकडच्या बहुतेक फसलेल्या पुंगळ्यांचं मूळ तिथे आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाल्यावर त्याचा क्षार नळीत उरतो. तो मिठासारखाच हवेतलं पाणी ओढतो, आणि पावसाळ्यात दोन दिवसांत तांबूस थर चढतो. हा क्षार तेलात किंवा पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून फौजेत .303 च्या, म्हणजे जुन्या ली-एन्फिल्ड रायफलीच्या, नळीतून आधी उकळतं पाणी ओतायचं, मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेल, अशी पद्धत होती. गावात मात्र पाण्याचं नाव काढलं की लोक बिचकतात, नुसत्या तेलाचा बोळा फिरवतात आणि क्षार तेलाखाली सुरक्षित राहतो.

त्यात निवडणुका. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं बहुतेकदा ठाण्यात जमा करावी लागतात. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या, म्हणजे दोन फेऱ्या. जमा करताना रायफल कोणी पुसून, चेंबरला तेलाचा हात देऊन देत नाही, जशी खुंटीवर होती तशी नेतात. काही आठवड्यांनी परत आणली की चेंबरात काय झालंय ते न बघता सरळ जागलीला. आणि जमा करताना तेल दिलेलं असलं तरी बार काढण्याआधी चेंबरातलं ते तेल कोरड्या चिंधीने पुसूनच घ्यायचं. तेलकट भिंतीला पितळ घट्ट धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

आता तुटण्याचं कारण. इथे चेंबरचा खडबडीतपणा कमी आणि मागची फट जास्त. .315 चं काडतूस कडेचं आहे, म्हणजे त्याच्या बुडाची रुंद कड चेंबरच्या मागच्या ओठावर टेकते आणि तिच्या मागे बोल्टचं तोंड येतं. या दोघांमधल्या जागेला हेडस्पेस म्हणतात. .303 ला ही जागा 0.064 ते 0.074 इंच ठरलेली आहे. लहान आणि मोठ्या मापातला फरक पाव मिलिमीटर, म्हणजे वहीचे दोन-तीन कागद. इशापूरच्या कारखान्यातली .315 ही त्याच ली-एन्फिल्ड घडणीवर बेतलेली. या घडणीत बोल्टला अडवून धरणारे खिळ मागच्या बाजूला असतात, त्यामुळे बार होताना बोल्ट दबतो आणि त्याला धरणारी बॉडी किंचित ताणली जाते. रायफल झिजली की फट वाढते. मग पुंगळीचं पुढचं अंग भिंतीला धरून बसतं, बूड मागे सरकत बोल्टला टेकतं आणि मधलं पितळ ताणलं जातं. ताण येतो तो बुडाच्या थोडं वर, जिथे जाड पितळ संपून पातळ भिंत सुरू होते. तिथेच तुटतं.

तुटण्याआधी पितळ सांगतं, आपण बघत नाही. वापरलेल्या पुंगळीवर बुडाजवळ चकचकीत आडवी रेघ गोल फिरलेली दिसली तर ती ताणाची रेघ. बारीक तारेचं टोक वाकवून पुंगळीच्या आतून बुडाकडून वर ओढा. त्या जागी तार खाचेत अडकल्यासारखी वाटली तर आतून भिंत पातळ झाली आहे. हे बघायला पुंगळ्या फेकून द्यायच्या नाहीत, निदान शेवटच्या चार-पाच ठेवायच्या. त्या रायफलीच्या प्रकृतीचा कागद आहेत.

याच्याशी गल्लत होणारी आणखी एक चीर असते, पण ती उभी आणि मानेवर. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा मिळून ताणलेलं पितळ चिरतं, हे 1921 मध्ये नीट उलगडलं. आपल्याकडे तबेला नाही, पण गोठा आहे आणि युरियाची पोती आहेत. परवान्यावर काडतुसं मोजकी मिळतात, म्हणून लोक ती वर्षानुवर्षं जपतात, आणि जपतात त्याच खोलीत. मानेवर उभी चीर दिसलेलं काडतूस वापरायचं नाही, एवढंच.

काढायचं कसं? त्याआधी तिसरी शक्यता बाजूला करावी लागते. टोपीवर खड्डा आहे म्हणजे काडतूस उडालंच, असं नाही. न उडालेल्यावरही पिनचा खड्डा पडतो. चाप ओढला आणि आवाज झाला नाही, तर नळी मातीच्या बांधाकडे ठेवून गप्प उभं राहायचं. अर्धा मिनिट तरी, मी दोन मिनिटं थांबतो. आत जिवंत काडतूस असल्याची शंका असेल तर गज हातात घेऊ नये, त्याच्यावर ठोकणं तर दूरच. रायफल तशीच, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, कारागिराकडे. बार नेहमीपेक्षा हलका, फुसका वाटला असेल तर गोळीच नळीत अडकलेली असू शकते. तेव्हाही दुसरा बार काढायचा नाही.

बार नक्की झालाय आणि अख्खी पुंगळी आत आहे, तर घाई सगळ्यात वाईट. नळी थंड होऊ द्यावी. पितळ पोलादापेक्षा जास्त आकसतं, त्यामुळे नुसत्या थंड होण्याने कितीदा तरी पुंगळी सुटते. मग बोल्ट उघडून, शक्य तर बाहेरच काढून, मागून पुंगळीच्या कडेने दोन थेंब पातळ तेल आणि पंधरा-वीस मिनिटं वाट. त्यानंतर नळीच्या तोंडाकडून नळीत बसेल असा, चपट्या टोकाचा पितळी किंवा लाकडी गज घालून लाकडी हातोडीने हलके टोले. टोला मारणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, तोंडावर नाही. दोन-चार टोल्यांत पुंगळी ठक् करून मागे पडते. पडली नाही तर थांबायचं.

दस्ता जमिनीवर आपटून बोल्ट उघडायची एक जुनी रीत आहे. तसं करताना नळी आपल्याच हनुवटीकडे असते. मी ती कोणाला शिकवत नाही.

तुटलेलीत हा गज निरुपयोगी. तो तोंडातून शिरतो आणि मागून मोकळाच बाहेर येतो, कारण त्याला टेकायला बूड नाही. तिथे तुटकी पुंगळी काढायचं हत्यार लागतं. फौजेत .303 साठी त्याला क्लिअरिंग प्लग म्हणत. काडतुसाच्या आकाराचा पोलादी तुकडा चेंबरात सरकवायचा, त्याचं टोक पुंगळीच्या तोंडापलीकडे जाऊन कडेला धरतं, मग बोल्टने मागे ओढायचा. ते नसेल तर चेंबरपेक्षा किंचित जाड तारेचा ब्रश मागून पुंगळीच्या आरपार घालून उलटा ओढला की पितळेत तारा रुततात आणि बांगडी बाहेर येते. नाही आली तर कारागीर. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये. एक ओरखडा उठला की पुढच्या मोसमात त्याच जागी अख्खी पुंगळी फसायला लागते, आणि मग माणूस दोन्ही बिघाड घेऊन येतो.

पण तुटलेलीत सगळ्यात धोक्याचं म्हणजे आमच्या गड्याने केलं ते. दुसरं काडतूस रेटायचं. ते पोकळ बांगडीत अर्धवट घुसतं, पाचरीसारखं घट्ट बसतं. ओढायला गेलं की कधी बांगडीही सोबत येते आणि माणसाला वाटतं युक्ती सापडली. कधी मात्र गोळी आत राहते आणि बारूद सांडते, किंवा बोल्ट अर्धा बंद असताना पिनला धक्का बसतो. त्याचं नशीब की त्याने दोनदा रेटून सोडून दिलं आणि काडतूस हाताने परत निघालं.

बारा बोअरच्या छऱ्यांच्या बंदुकीवाल्यांनी यातलं अर्धंच घ्यावं. तिथे कागदी काडतूस पावसात भिजून फुगतं आणि चेंबरात बसतंच तसं घट्ट. प्लास्टिकचं आलं तेव्हापासून ते दुखणं कमी झालं.

गड्याची रायफल नागपूरहून तीन आठवड्यांनी आली. कारागिराने फट मापली, वाढलेली निघाली, बोल्टचं पुढचं तोंड बदललं. चेंबर ठीक होतं. सोबत कागदाच्या पुडीत आतला तुकडा परत पाठवला होता. गड्याने रुमालातली चकती काढून त्यावर बसवली. दोन्ही नेमके जुळले, फक्त सांध्यावर एका बाजूला पितळ कागदासारखं पातळ झालं होतं आणि तिथे धूर धरला होता. त्याने मागच्या वर्षीच्या तीन पुंगळ्या घरून आणायला पोराला पिटाळलं. तिन्हींवर रेघ होती.