फायरप्लेसवरील टीव्हीचे वायरिंग

बैठकीच्या खोलीतल्या फायरप्लेसच्या वर, भिंतीला चिकटून किंवा भिंतीतल्या उथळ कोनाड्यात टीव्ही बसवण्याची पद्धत अमेरिका आणि कॅनडातील घरांत रूढ आहे. अशा टीव्हीची वीज, चित्र आणि आवाजाच्या केबल, अँटेनाची तार आणि इंटरनेट हे सारे भिंतीच्या पोटातून कसे न्यायचे, याची भिंत बंद होण्याआधी केलेली आखणी हा या नोंदीचा विषय आहे. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातला बे एरिया, टोरांटो अशा ठिकाणी नवे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांपुढेही हा प्रश्न येतो. बांधकाम चालू असतानाच बिल्डर विचारतो, टीव्ही कुठे लावणार आणि तिथे वायरिंग काढून ठेवायचे का. उत्तर द्यायला थोडेच दिवस मिळतात, आणि एकदा ड्रायवॉल, म्हणजे भिंत बंद करणारी जिप्समची पाटी, चढली की प्रत्येक बदलासाठी भिंत फोडावी लागते.

टीव्ही याच जागी जातो याचे कारण खोलीच्या रचनेत आहे. फायरप्लेस मुख्य भिंत अडवते, सोफे तिच्याकडे तोंड करून मांडले जातात आणि टीव्हीला दुसरी सोयीची भिंत उरत नाही. जुना नळीचा खोल टीव्ही तिथे मावत नव्हता. सपाट पडद्याचे टीव्ही स्वस्त झाले आणि ही जागा खुली झाली. भिंतीला अगदी लगत बसण्यासाठी घडवलेले टीव्ही त्यानंतर आले. सॅमसंगच्या २०१७ मधील ‘द फ्रेम’मध्ये बरीचशी जोडणी वेगळ्या पेटीत नेऊन चित्र-आवाजासाठी पडद्याकडे एकच बारीक केबल आणली होती. एलजीच्या २०२० पासूनच्या गॅलरी मालिकेत भिंतीवरचा ब्रॅकेट टीव्हीच्या पाठीतल्या खाचेतच बसतो. दिसायला हे देखणे असते. पण टीव्हीमागे बोटभर जागाही उरत नसल्यामुळे प्लग, केबलचे वळण आणि सॉकेट यांचा विचार मिलिमीटरमध्ये करावा लागतो.

उष्णता

नियोजनाची सुरुवात तारेपासून नव्हे, उष्णतेपासून करावी. बहुतेक टीव्ही सुमारे ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात. पेटत्या फायरप्लेसमधून वर येणारी हवा भिंतीला घासत जाते आणि थेट टीव्हीच्या खालच्या कडेला भिडते. टीव्हीच्या वीजपुरवठ्यात वीज साठवणारा जो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो, त्याचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. म्हणून टीव्ही लगेच बिघडला नाही तरी त्याची वर्षे कमी होतात. लाकूड जाळणाऱ्या फायरप्लेसमध्ये काजळीचीही भर पडते.

फायरप्लेसच्या तोंडावरची पुढे आलेली फळी, म्हणजे मॅन्टल, ही गरम हवा खोलीकडे वळवते. मॅन्टल जितके पुढे तितके टीव्हीला बरे. पण लाकडी मॅन्टलवर आगीच्या नियमांची मर्यादा आहे. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेनुसार विटांच्या फायरप्लेसच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूडकाम चालत नाही. ६ ते १२ इंचांच्या पट्ट्यात ते अंतराच्या प्रत्येक इंचामागे १/८ इंचापेक्षा जास्त पुढे येऊ शकत नाही. कारखान्यात बनलेल्या गॅस किंवा लाकडाच्या फायरप्लेसला उत्पादकाच्या पुस्तिकेतली अंतरे लागू होतात आणि ती मॉडेलनुसार बदलतात. घरात फायरप्लेस आधीपासून असेल तर टीव्ही जिथे येणार तिथे भिंतीवर थर्मामीटर चिकटवून काही तास आग चालू ठेवावी. कोणत्याही सल्ल्यापेक्षा ही चाचणी खरी. आकडा ४० च्या आसपास गेला, तर वायरिंगचा खर्च करण्याआधी जागा बदललेली बरी.

टीव्ही कोनाड्यात बसवायचा असेल तर काळजी दुप्पट हवी. टीव्हीची स्वतःची उष्णता आणि खालून आलेली ऊब दोन्ही कोनाड्यात साठतात. उत्पादक सहसा चारी बाजूंना सुमारे १० सेंमी मोकळी जागा सांगतात. फोटोत सुबक दिसावे म्हणून टीव्हीच्या मापाला बेतलेला कोनाडा करणे ही या कामातली सर्वात महागात पडणारी हौस आहे. पुढचा टीव्ही वेगळ्या मापाचा येतो, तेव्हा कोनाडाच अडचण होऊन बसतो.

भिंतीच्या आत काय आहे

अमेरिकी घराची नेहमीची भिंत म्हणजे लाकडी उभे स्टड आणि त्यांवर ड्रायवॉल. दोन स्टडच्या मध्यांतले अंतर बहुधा १६ इंच, काही ठिकाणी २४ इंच असते. ज्याला टू-बाय-फोर म्हणतात तो स्टड प्रत्यक्षात साडेतीन इंच खोल असतो. सॉकेटची पेटी भिंतीत खुपसायला जागा मिळते ती एवढीच. केबल आडवी नेण्यासाठी स्टडला भोक पाडावे लागते. हे भोक स्टडच्या कडेपासून सव्वा इंचाच्या आत आले तर तिथे पोलादी पट्टी ठोकावी लागते, म्हणजे पुढे कोणी मारलेला स्क्रू तारेत शिरत नाही.

फायरप्लेसच्या वर मात्र ही भिंत नेहमीसारखी नसते. विटांच्या फायरप्लेसमध्ये तोंडाच्या लगेच वर धूर गोळा होणारा कक्ष आणि त्यावर धुराडे असते. तिथे खोल छिद्र पाडणे किंवा झिरी मारणे म्हणजे धुराच्या मार्गाला हात घालणे. अशा वेळी विटांवर नियमात बसेल अशी चौकट उभारून तिच्यावर नवी भिंत घेतात आणि केबल त्या पोकळीतून नेतात. कारखान्यात बनलेल्या फायरप्लेसची धातूची पेटी लाकडी चौकटीत बसते. तिच्या डोक्यावर आणि धुराच्या नळीभोवती ठरावीक मोकळी जागा सोडलेली असते. ती रिकामी दिसते म्हणून तिथून केबल ओढण्याचा मोह होतो, पण ती जागा रिकामीच राहायला हवी. म्हणून टीव्हीची तार खालून सरळ वर न आणता बाजूच्या भिंतीतून वळसा घालून किंवा माळ्यावरून खाली उतरवून आणतात. मजल्यांमधल्या आडव्या लाकडातून केबल गेली, की ते छिद्र आग अडवणाऱ्या भरावाने बुजवणे बंधनकारक असते.

वीज

अमेरिकेत वायरिंगचे नियम ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’मध्ये असतात. हा कोड १८९७ मध्ये प्रथम निघाला आणि आता दर तीन वर्षांनी सुधारला जातो. त्यातली एक तरतूद या कामाला थेट लागू होते: उपकरणाची लवचीक वायर भिंतीच्या आत दडवून नेता येत नाही. टीव्हीसोबत आलेली वायर भोकातून आत सोडून खाली बाहेर काढणे हा घरोघरी दिसणारा आणि नियमबाह्य मार्ग आहे. योग्य मार्ग म्हणजे भिंतीत कायमची केबल टाकून टीव्हीमागे आत दबलेले सॉकेट बसवणे. सॉकेट आत दबलेले असेल तर प्लगचे डोके भिंतीच्या पातळीबाहेर येत नाही. हे सॉकेट ब्रॅकेटच्या पट्टीखाली झाकले जाणार नाही आणि टीव्हीच्या कडेबाहेरही डोकावणार नाही, अशा जागी हवे. म्हणून टीव्हीचे मॉडेल किंवा निदान ब्रॅकेटचा नमुना आधी ठरवावा.

साउंडबार लावायचा असेल तर त्यालाही वीज लागते, म्हणून दोनऐवजी चार प्लगांची पेटी घ्यावी. अमेरिकेतला दाब १२० व्होल्ट. १५ अँपिअरच्या सर्किटला १४ गेजची आणि २० अँपिअरला १२ गेजची तांब्याची तार चालते (गेज हे तारेच्या जाडीचे माप; आकडा लहान तशी तार जाड). राहत्या खोल्यांच्या सर्किटला ठिणगी ओळखून बंद होणारा ब्रेकर २००८ च्या कोडपासून आवश्यक झाला. टीव्हीचा स्वतःचा भार तसा थोडा असतो. खरा भार विजेवर चालणाऱ्या फायरप्लेसचा. १,५०० वॉटचे असे यंत्र १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर ओढते. त्याला स्वतंत्र सर्किट द्यावे. टीव्हीच्या सर्किटवर ते चढवले तर थंडीच्या रात्री ब्रेकर पडत राहतो.

चित्र, आवाज आणि पाइप

सेट-टॉप बॉक्स, गेम कन्सोल, रिसीव्हर ही यंत्रे फायरप्लेसच्या वर मावत नाहीत. ती शेजारच्या कपाटात जातात आणि केबलची लांबी वाढते. चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या एचडीएमआय जोडणीच्या २.१ आवृत्तीचा सेकंदाला ४८ गिगाबिटचा पूर्ण वेग साध्या तांब्याच्या केबलवर जेमतेम ३ ते ५ मीटरच टिकतो. त्यापुढे प्रकाशतंतूची केबल घ्यावी. तिची दिशा ठरलेली असते; यंत्राकडचे टोक आणि टीव्हीकडचे टोक उलटे पडले तर चित्र येत नाही. भिंतीत टाकण्यापूर्वी प्रत्येक केबल जमिनीवर पसरून चालवून पाहावी. भिंतीतल्या केबलवर ‘सीएल २’ किंवा ‘सीएल ३’ हा शिक्का हवा. कॅनडात ‘एफटी ४’ पाहतात. हा शिक्का ज्वाला पसरण्याला केबल किती विरोध करते ते सांगतो.

एचडीएमआयसोबत इंटरनेटच्या कॅट ६ प्रकारच्या दोन तारा आणि अँटेनासाठी आरजी ६ ही कोअॅक्सियल केबल टाकून ठेवावी. बऱ्याच टीव्हींचा इंटरनेटचा पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो, तेव्हा कॅट ६ चा खरा उपयोग पुढे कधी एचडीबेसटी पद्धतीने, म्हणजे याच तारेवरून, लांबून चित्र आणायला होतो. या सगळ्या तारा विजेच्या पेटीत एकत्र कोंबू नयेत. त्यांना वेगळी पेटी किंवा मध्ये पडदी हवी.

तरीही आज टाकलेली कोणतीही केबल काही वर्षांत जुनी होणार. एचडीएमआयची २.० आवृत्ती २०१३ मध्ये आली आणि २.१ त्यानंतर चारच वर्षांनी. म्हणून टीव्हीमागून कपाटापर्यंत दीड ते दोन इंची पाइप टाकणे आणि त्यात पुढे नवी केबल ओढून घेण्यासाठी ओढदोरी सोडून ठेवणे हा या साऱ्या खर्चातला सर्वात शहाणा खर्च होय. एचडीएमआयच्या प्लगचे डोके सुमारे २ सेंमी रुंद असते. अरुंद पाइपमध्ये किंवा काटकोनाच्या वळणावर ते अडकते. म्हणून वळणे गोलसर ठेवावीत.

उंची

मॅन्टल जमिनीपासून १.३५ मीटरवर धरले आणि त्यावर थोडी जागा सोडली, तर ६५ इंची टीव्हीचा मध्य सुमारे १.९ मीटरवर येतो. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा १.०५ मीटरच्या आसपास असतो. ३ मीटरवरून पाहताना नजर सुमारे १६ अंश वर चढवावी लागते. तासाभराच्या बातम्यांना हे चालते, रोजच्या दीर्घ पाहण्याला मान दुखते. टीव्ही पुढे झुकवणारा किंवा खाली ओढता येणारा ब्रॅकेट हा त्यावर तोडगा आहे. मग केबलला तेवढी ढील लागते आणि भिंतीलगत बसण्याचा आग्रह सोडावा लागतो.

इतरत्र

ब्रिटनमध्ये टीव्ही धुराड्याच्या पुढे आलेल्या भिंतीवर लावतात. अनेक घरांत ते धुराडे आता वापरात नसते, त्यामुळे उष्णतेचा प्रश्न हलका होतो. तिथल्या बीएस ७६७१ या मानकानुसार ५० मिमीपेक्षा उथळ गाडलेली केबल सॉकेटच्या सरळ रेषेत, उभी किंवा आडवी, न्यावी लागते. तिरकी नेणे चालत नाही.

महाराष्ट्रातल्या फ्लॅटमध्ये फायरप्लेस नसते, पण भिंतीत पाइप सोडण्याची सवय इथे चांगली रुजली आहे. पुण्या-मुंबईत इंटिरिअरचे काम करणारे टीव्हीच्या पॅनेलमागे दोन इंची पीव्हीसी पाइप सोडतात. विटांच्या भिंतीत झिरी मारून तो खालच्या युनिटपर्यंत उतरतो. हल्ली काही जण टीव्हीखाली विजेवर चालणारी शोभेची फायरप्लेस मागतात. तिच्यात तापवणारी कॉइल असेल तर तिला टीव्हीच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर जोडू नये, स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट काढावा.

अमेरिका-कॅनडात नव्या सर्किटसाठी बहुतेक ठिकाणी परवाना लागतो आणि ड्रायवॉल चढण्याआधी निरीक्षक वायरिंग पाहून जातो. त्याच दिवशी मोजपट्टी धरून उघड्या भिंतीचे फोटो काढून ठेवावेत. पुढे ब्रॅकेटचे स्क्रू मारताना स्टड कुठे आहे आणि केबल कुठून गेली आहे, हे त्या फोटोंवरून कळते.