हळदीकुंकवाचं बी फ्रीजमध्ये ठेवू नका

फुलपाखरांसाठी हळदीकुंकू, म्हणजे ट्रॉपिकल मिल्कवीड, लावायचं तर बी आधी महिनाभर फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. या झाडाला त्याची गरज नाही.

हा सल्ला मुळात उत्तर अमेरिकेतल्या मिल्कवीडचा, म्हणजे याच्याच थंडीतल्या भाऊबंदांचा. तिथल्या कॉमन मिल्कवीडचं बी कडक हिवाळा मातीत काढून मगच रुजतं, म्हणून त्याला थंडीचं सोंग दाखवावं लागतं. हळदीकुंकू मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. त्याला हवी ऊब.

शेंग तडकली की चपटं तपकिरी बी निघतं, टोकाला रेशमी झुपका. झुपका चिमटीने काढा, बी ओलसर मातीत जेमतेम झाकेल इतकंच पेरा. पंचविशीच्या आसपास तापमान असेल तर साधारण एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतो. खोल पुरलेलं बी मात्र रुसतं, आणि दोष उगाच फ्रीज न वापरल्यावर जातो!

शेंडे खुडताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतो. आणि अळ्यांनी पानं फस्त केली तर औषध मारू नका. फुलपाखरं व्हायची ती त्यांचीच.